भरतीच्या दुकानात नोकरी

वसमत, रविवार, रात्री

उद्यापासून मी कामाला जाणार आहे. तहसील कचेरीजवळच्या एका सेवा केंद्रात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे काम मिळाले असून पगार महिना सात हजार रुपये ठरला आहे. या जागेची जाहिरात कुठेही आली नव्हती. तिथली मुलगी लग्न होऊन परभणीला गेल्याचे मामांना मोंढ्यात कळले आणि त्यांनी त्याच संध्याकाळी मालकांच्या कानावर माझे नाव घातले. आमच्याकडे खासगी नोकरी मिळते ती अशीच. मालकांनी बी.कॉम.ची गुणपत्रिका उघडूनही पाहिली नाही; मी कोणाची भाची एवढे विचारले आणि समोर बसवून मराठी टंकलेखनाचा वेग पाहिला.

हिंगोली जिल्हा 1999 साली परभणीपासून वेगळा झाला, तेव्हा कार्यालये आली आणि त्यांच्या आसऱ्याने थोडीफार कामेही आली, पण मोठी कारखानदारी काही आली नाही. वसमतला साखर कारखाना आहे आणि हळदीची मोठी बाजारपेठ आहे, मात्र दोन्ही हंगामी. गाळप उन्हाळ्याच्या तोंडाशी थांबते. हळदीची आवक वाढली की हमाल, मापाडी आणि आडत्यांचे मुनीम यांना श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि आवक ओसरली की त्यांतलेच कितीतरी जण शेतमजुरी शोधत फिरतात. केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात चालू आठवड्याचा हिशेब करताना सात दिवसांत कधीही एक तास काम केलेला माणूस रोजगारात धरला जातो. त्या मापाने हळद निवडायला जाणारी माझी काकूही हंगामात रोजगारवाली ठरते. तिला हे एकदा सांगायला हवे. पोट धरून हसेल.

राहिलेली मुले सरकारी भरतीची तयारी करतात. राज्य शासनाच्या बहुतेक पदांना खुल्या प्रवर्गासाठी 38 आणि मागास प्रवर्गांसाठी 43 वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे तिशी ओलांडलेल्या मुलालाही घरचे ‘अजून एक वर्ष बघू’ म्हणतात. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या वर जागांसाठी 10 लाखांहून अधिक अर्ज आले. परीक्षा शुल्क खुल्या प्रवर्गाला 1,000 आणि राखीव प्रवर्गाला 900 रुपये होते. पुढच्या वर्षी पोलीस भरतीच्या सुमारे साडेसतरा हजार जागांसाठी 17 लाखांच्या वर अर्ज गेले. त्यांत माझा धाकटा भाऊही होता, आणि तो अजूनही पहाटे उठून 1,600 मीटरचा सराव करतो.

माझ्या मते आमच्या गावात बारमाही चालणारा धंदा हाच आहे. अभ्यासिका, खानावळी, झेरॉक्सची दुकाने, मैदानी सराव घेणारे निवृत्त फौजी आणि आता मी, असे सगळे नोकरी नसलेल्या मुलांच्या खर्चावर जगतो, आणि तो खर्च बहुतेक वेळा बापाने विकलेल्या सोयाबीनमधून येतो. हे लिहिताना अवघडल्यासारखे होते खरे, पण म्हणून मी काम नाकारणार नाही.

आईचा आग्रह पुण्याचा होता. चाकणला कंत्राटी काम करणाऱ्या आतेभावाकडून मी सगळा हिशेब समजून घेतला आहे. खोलीचे भाडे, खानावळ आणि सणावाराला गावी येण्याजाण्याचे भाडे वजा केले की त्याच्या हाती उरते ते माझ्या सात हजारांपेक्षा फारसे वेगळे नाही, आणि कंत्राट संपले की त्यालाही ओळखीच्या माणसालाच फोन करावा लागतो.

पगाराची बोलणी झाल्यावर मालक म्हणाले, जाहिरात निघाली की रात्री नऊपर्यंत थांबावे लागेल. जाहिरातीच निघाल्या नाहीत तर काय, हे मी विचारले नाही आणि त्यांनीही तो विषय काढला नाही. एक सवलत मात्र त्यांनी आपण होऊन देऊ केली: माझा स्वतःचा अर्ज भरायचा असेल, तर केंद्राचे पैसे घेणार नाहीत.