ट्रॅककडे पाठ करून पाहिलेला तास

लंडनला एमएस्सी करत होते तेव्हा वीकेंडला इव्हेंट स्टुअर्डच्या शिफ्टा करायचे. म्हणजे काय तर एजन्सीचा मेसेज यायचा, अमुक ठिकाणी अमुक वाजता या, काळी पँट, काळे बूट, आणि तिथे गेलं की एक पिवळं जॅकेट हातात द्यायचे, ते माझ्या आधी किती जणांनी घातलंय हे वासावरूनच कळायचं. पैसे यायचे पण वेळेवर आले तर ती बातमी. असो. त्यातल्याच एका रविवारची, ७ जून २०१५ ची ही गोष्ट.

जागा होती स्ट्रॅटफर्डचं ली व्हॅली व्हेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचं बंदिस्त स्टेडियम. २०१२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेलं, छप्पर असं वाकडं की लोक त्याला प्रिंगल म्हणतात, त्या नावाच्या बटाट्याच्या वेफरसारखं दिसतं म्हणून. आत २५० मीटरचा लाकडी ट्रॅक, सायबेरियन पाइनच्या पट्ट्यांचा, आणि वळणावर तो ४२ अंशात उभा राहतो, फोटोत हे अजिबात कळत नाही, कडेला जाऊन खाली बघितलं की पोटात गोळा येतो. त्या दिवशी रेस नव्हतीच खरं तर. एकच माणूस सायकल चालवणार होता, एक तास, आणि किती किलोमीटर होतात ते मोजणार. ह्याला अवर रेकॉर्ड म्हणतात. माणूस होता ब्रॅडली विगिन्स, टूर द फ्रान्स जिंकलेला ब्रिटिश सायकलपटू, आणि तिकिटं काही मिनिटांत संपली होती, सहा हजार लोक आले होते, एका माणसाला गोल गोल फिरताना बघायला!

मी खोपोलीची. लहानपणी मुंबई-पुणे सायकल शर्यत बघायला आम्ही सगळे रस्त्यावर उभे असायचो, बोरघाट चढून जो पहिला वर पोचायचा त्याला घाटाचा राजा म्हणायचे. त्यामुळे सायकलचं वेड म्हणजे काय हे मला माहीत होतं. पण ब्रेक नसलेली, गिअर बदलता न येणारी सायकल, पुढे ५८ दातांची चकती आणि मागे १४, पाय थांबवायचा म्हटलं तरी थांबत नाही, कारण चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच, हे प्रकरण नवीन होतं.

आणि गंमत अशी की मला ते बघायची परवानगीच नव्हती. ब्रीफिंगमध्ये सुपरवायझरने पहिलंच वाक्य हे सांगितलं, तोंड लोकांकडे, पाठ ट्रॅककडे. स्टुअर्डचं कामच ते, कोणाला चक्कर आली, कोणी रेलिंगवर चढलं, कोणी रस्ता अडवून उभं राहिलं, हे बघायचं. माझी जागा सरळ पट्ट्याच्या बाजूला, पायऱ्यांच्या तळाशी. म्हणजे जगातल्या त्या दिवसाच्या सगळ्यात मोठ्या सायकल इव्हेंटमध्ये मी अगदी पुढे होते आणि उलटी उभी होते.

आत भयंकर गरम होतं. मुद्दाम केलेलं, कारण गरम हवा विरळ असते आणि ताशी ५४ किलोमीटरने जाणारा माणूस मुळात हवेशीच भांडत असतो, बाकी सगळं किरकोळ. हे मला पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी समजावलं. सत्तरीच्या पुढचे असतील, गळ्यात स्टॉपवॉच, मांडीवर वही, पेन्सिली चक्क दोन, एक तुटली तर म्हणून. बाहेर मस्त ऊन पडलं होतं, लंडनमधल्या लोकांना ऊन पडलं की सणच, मी पण आजोबांना म्हटलं काय सुंदर दिवस आहे नाही, तर ते चिडलेच, म्हणाले सुंदर कसला, हाय प्रेशर आहे, हवा जड झालीय, हीटर लावून तापमान वाढवता येतं पण आभाळाचा दाब कोणाच्या बापाला कमी करता येत नाही. दाब १०३० मिलिबारच्या वर होता त्या दिवशी. विगिन्सच्या डोक्यात ५५ किलोमीटर होते आणि आजोबांच्या मते ते तिथेच गेले, सायकलवर बसायच्या आधी.

साडेसहाला सुरू झालं. मी उलटीच. पहिले एकदोन लॅप आरडाओरडा, मग एक लय लागली. मला दिसत काय होतं तर चेहरे. शेकडो चेहरे डावीकडून उजवीकडे वळायचे, मग मान सरळ, समोरच्या सरळ पट्ट्यावर तो लांब दिसायचा म्हणून नजर वर, मग परत डावीकडे. साधारण साडेसोळा सेकंदांनी एकदा. आणि माझ्या पाठीमागून डिस्क व्हीलचा तो घुमणारा आवाज यायचा, यायचा, आणि जायचा. चाकाला आरे नसतात, बंद तबकडी असते, ती लाकडावर ढोलासारखी घुमते. दहा मिनिटांनी मला न बघता कळायला लागलं की आवाज थोडा उशिरा आला, आणि त्याच क्षणी आजोबांची भुवई वर जायची आणि ते वहीत आकड्याखाली एक बारीक रेघ मारायचे. त्या वहीइतकं सस्पेन्स मी नंतर कुठल्या सिरीजमध्ये बघितलं नाही.

मधल्या वीस मिनिटांत खरं तर काही घडत नाही, म्हणून आजोबा बोलत होते, डोळे ट्रॅकवर आणि तोंड माझ्याशी. हा विगिन्स जन्माने बेल्जियमच्या गेंटचा, बाप ऑस्ट्रेलियन, तोही ट्रॅकवरचा सायकलपटू, तो बायकोपोराला सोडून गेला, मग आई लंडनला किलबर्नला घेऊन आली आणि तिथल्या फ्लॅटमध्ये हा वाढला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या ख्रिस बोर्डमनने सोनं जिंकलं ते टीव्हीवर बघून ह्याने ठरवलं, आणि साउथ लंडनच्या हर्न हिलच्या जुन्या ट्रॅकवर यायला लागला, आजोबांनी त्याला तिथे शाळकरी पोर असताना बघितलं होतं म्हणे, पाय लांब आणि तोंड चालू. पुढे २००० ला सिडनीत ब्राँझ, २००४ ला अथेन्समध्ये सोनं, रुपं आणि ब्राँझ तिन्ही, २००८ ला बीजिंगमध्ये दोन सोनी. हे सगळं ट्रॅकवर, बहुतेक चारेक मिनिटांच्या रेसा. आणि मग हा माणूस उठला आणि वजन उतरवून तीन आठवड्यांची टूर द फ्रान्स जिंकायला निघाला, ज्याला आजोबांच्या क्लबात सगळे हसले होते. २०११ ला पडून कॉलरबोन मोडलं. २०१२ ला जिंकला, पहिला ब्रिटिश, आणि दहा दिवसांत हॅम्प्टन कोर्टला ऑलिंपिक टाइम ट्रायलचं, म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी केलेल्या शर्यतीचं, सोनं. मला ह्यातलं सगळ्यात जास्त काय आवडलं तर टूरच्या शेवटच्या दिवशी पॅरिसमध्ये अंगात पहिल्या नंबरची पिवळी जर्सी असताना हा टीममेट कॅव्हेंडिशसाठी पुढे जाऊन वारा स्वतःच्या अंगावर घेत होता, म्हणजे मालकाने हमाली करावी तसं.

चाळीस मिनिटांनंतर चेहरे बदलले. लोकांनी गप्पा सोडल्या. एक बाई स्वतःच्या मांडीवर मुठीने ताल धरत होती आणि तिला ते कळत नव्हतं. एक लहान मुलगा बापाला विचारत होता की त्याला शू आली तर तो काय करेल, बाप काही बोलला नाही. गर्मीने मला पण गरगरायला लागलं होतं, जॅकेटच्या आत घामाच्या धारा, पाणी प्यायला जागा सोडायची नाही. आजोबांच्या वहीत रेघा वाढल्या होत्या पण ते आता बोलत नव्हते.

आधीचा रेकॉर्ड महिनाभरापूर्वीचा, मँचेस्टरला ॲलेक्स डाउसेटने केलेला, ५२.९३७. तो साधारण पावणेदोन मिनिटं बाकी असताना तुटला. कसं कळलं, तर सहा हजार माणसं एकदम उभी राहिली आणि आवाज असा झाला की पाठीमागचं चाक ऐकू येईना. तेवढ्यात मी सुपरवायझरकडे बघितलं तर तोच ट्रॅककडे वळून उभा! मग काय, मी पण वळले. शेवटचा दीड मिनिट मी सरळ बघितला. टीव्हीवर वाटतो तसा तो जोरात जातोय असं वाटतच नव्हतं, पाठ सपाट, डोकं खांद्यात रुतलेलं, फक्त तोंड उघडं, आणि ट्रॅकच्या आतल्या कडेच्या काळ्या रेषेवरून, जिच्यावर अंतर मोजतात, जराही हलत नव्हता.

५४.५२६ किलोमीटर. २१८ फेऱ्या आणि वर थोडं. उतरल्यावर त्याला नीट चालता येत नव्हतं, तरी त्याने सायकल डोक्यावर उचलली. नंतर बोलताना म्हणाला की बाळंतपण काय असतं ह्याच्या मी आज सगळ्यात जवळ पोचलो. हे मी रात्री आईला फोनवर सांगितलं, तर आई म्हणाली, त्याला म्हणावं तासाभरात सुटलास.

आजोबांनी वही बंद केली, ५५ झाले असते म्हणाले, आणि पुढचा रेकॉर्ड कोणीतरी मेक्सिकोला जाऊन उंचावर करेल, तिथली हवा पातळ. मला वही दाखवली नाही, मागितली होती.

नंतरचं पेपरात वाचलंच असेल. २०१६ ला रिओत अजून एक सोनं, ते परत ट्रॅकवर, टीम परस्यूटमध्ये, म्हणजे चौघांच्या टीमच्या शर्यतीत, वर्ल्ड रेकॉर्ड करून, पाचवं सोनं आणि एकूण आठवं मेडल. त्याच वर्षी एरवी बंदी असलेली औषधं आजारासाठी घ्यायच्या परवानग्यांचं आणि टीमच्या डॉक्टरकडे पोचवलेल्या एका पाकिटाचं, ज्यात काय होतं त्यावरून वाद झाला, ते प्रकरण निघालं, २०१८ ला ब्रिटिश संसदेच्या समितीने त्याच्या टीम स्कायने नैतिकतेची रेषा ओलांडली असं लिहिलं, त्याने सगळं नाकारलं, डोपिंगचा अधिकृत आरोप त्याच्यावर कधी ठेवला गेला नाही. २०२४ ला दिवाळखोरी. मला ह्या सगळ्याचं काय करायचं ते नीटसं ठरवता आलेलं नाही, टूरवर वाद घाला हवा तर, पण त्या तासाबद्दल माझ्याशी घालू नका.

कारण तो वाद मी इथे पुण्यात आमच्या सायकल ग्रुपमध्ये अजून घालते. २०१९ ला बेल्जियमच्या कांपेनार्टसने मेक्सिकोत आग्वासकालिएंतेसला ५५.०८९ केले, आजोबा बरोबर ठरले. २०२१ ला तोच डाउसेट तिथे गेला आणि त्याचे झाले ५४.५५५, म्हणजे १८०० मीटरच्या वरच्या विरळ हवेत विगिन्सपेक्षा फक्त २९ मीटर जास्त. आमच्या ग्रुपमधला एकजण म्हणतो, मग २०२२ ला इटलीचा गाना स्वित्झर्लंडमध्ये, काही फार उंचावर नाही, ५६.७९२ कसा गेला, सगळं प्रेशर प्रेशर काय करतेस. त्याला मी म्हणते सात वर्षांत सायकली, हेल्मेटं, कपडे सगळं बदललं, आणि गानाला असा सुंदर दिवस दिला असता तर बघितलं असतं.