कोशिएनची काळी माती

ओसाकाच्या उमेदा स्टेशनवरून हानशिन रेल्वेची जलद गाडी पंधरा मिनिटांच्या आत कोशिएनला आणून सोडते. स्टेशनसमोरच बेसबॉलचं स्टेडियम, कारण दोन्ही त्याच रेल्वे कंपनीनं बांधलेली. मैदान 1 ऑगस्ट 1924 ला सुरू झालं ते शाळकरी मुलांच्या बेसबॉल स्पर्धेसाठी. इथेच घरचे सामने खेळणारा हानशिन टायगर्स हा व्यावसायिक संघ 1935 च्या डिसेंबरातला, म्हणजे या घरातला धाकटा. म्हणूनच दर ऑगस्टमध्ये हा संघ मैदान मुलांना सोडून बाहेर खेळायला जातो. एवढी गर्दी खेचणारा संघ ऐन हंगामात बाजूला होतो, याचं मला फार अप्रूप आहे.

सामन्यातली पाचवी इनिंग (डाव) संपली की खायला-प्यायला उठू नका. त्या वेळी मैदान कर्मचारी आतलं, म्हणजे बेसच्या आसपासचं मैदान सारखं करतात. इथे आत गवत नाहीच, सगळी माती. काळी माती आणि वाळू यांचं मिश्रण; वसंतात पाऊस जास्त म्हणून निचऱ्यासाठी वाळू वाढवतात, उन्हाळ्यात पांढरा चेंडू नीट दिसावा म्हणून काळी माती. हिवाळ्यात माती वीतभर खोल उकरून खालवर करतात, मग पावसाची वाट बघतात आणि ओल बेताची असतानाच रोलर फिरवतात. कोरड्यावर फिरवला तर वरचा थर तेवढा घट्ट होतो आणि पाणी साचतं. चेंडू सरळ उसळतो तो या मेहनतीमुळे.

तिकीट फलंदाजाच्या उजवीकडच्या, मैदानाच्या दूरच्या टोकामागच्या स्टँडचं काढा. टायगर्सचे कट्टर चाहते तिथे बसतात. छप्पर नाही आणि छत्री उघडू देत नाहीत, तेव्हा रेनकोट हवाच. वारा समुद्राकडून, उजवीकडून डावीकडे वाहतो. डावखुऱ्यांचे उजवीकडे जाणारे उंच फटके त्यात अडतात. टायगर्सचा फलंदाज रँडी बास डावखुरा, पण त्यानं चेंडू वाऱ्याबरोबर डावीकडे मारायचं तंत्र बसवलं आणि 1985 मध्ये 54 होमरन (चेंडू थेट कुंपणापार धाडणारे फटके) ठोकले. त्याच वर्षी 17 एप्रिलला इथे बास आणि त्याचे संघसोबती काकेफू आणि ओकादा यांनी टोकियोच्या जायंट्स संघाविरुद्ध लागोपाठ तीन होमरन मारले.

जपान सिरीज, म्हणजे देशाच्या विजेतेपदाची अंतिम मालिका, टायगर्सनी तेव्हा पहिल्यांदा जिंकली. दुसरी थेट 2023 मध्ये, ओरिक्स संघाला हरवून, आणि प्रशिक्षक होते तेच ओकादा. पण 1985 चा शेवटचा सामना प्रतिस्पर्धी सेइबू संघाच्या मैदानावर झाला आणि 2023 चा ओसाकाच्या डोममध्ये. विजेतेपदाचा तो क्षण कोशिएनच्या वाट्याला एकदाही आला नाही, याची हळहळ वाटते.