जुनी सिस्टिम बंद करायला वेगळा प्रोजेक्ट लागतो

नवी सिस्टिम गो-लाइव्ह झाली, म्हणजे प्रत्यक्ष वापरात आली, की अभिनंदनाचे मेल फिरतात, टीम पुढच्या प्रोजेक्टवर जाते आणि जुनी सिस्टिम ‘राहू द्या थोडे दिवस, लागलीच तर असावी’ म्हणून चालूच राहते. मी अशा जुन्या सिस्टिम बंद करण्याचं काम करते. सर्व्हर, डेटाबेस, ॲप्लिकेशन, सगळं. काम मला मनापासून आवडतं. राग एकाच गोष्टीचा येतो, की नव्या सिस्टिमच्या बजेटमध्ये जुनी बंद करण्यासाठी एक पैसाही धरलेला नसतो. नवी आली की जुनी आपोआप जाईल, असं सगळे गृहीत धरतात. आपोआप काहीही जात नाही. त्यासाठी वेळ लागतो, माणसं लागतात आणि ‘बंद करा, जबाबदारी माझी’ असं लिहून देणारा एक अधिकारी लागतो. हा अधिकारी शोधण्यात बहुतेक ठिकाणी सर्वात जास्त वेळ जातो, कारण ज्याने ती सिस्टिम मागितली होती तो विभागच मधल्या काळात दोन विभागांत वाटला गेलेला असतो.

तो सापडला की पुढचा प्रश्न. ही सिस्टिम वापरतं कोण?

एका संस्थेत बिलिंगच्या जुन्या सिस्टिमसमोर यादीत ‘वापर नाही’ अशी नोंद होती. माणसांपुरती ती खरी होती, कारण कोणीच लॉगिन करत नव्हतं. पण डेटाबेसचे लॉग, म्हणजे कोणी कधी येऊन काय केलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, काढले तेव्हा दिसलं, की रोज पहाटे एक सर्व्हिस अकाउंट (माणसाचं नव्हे, प्रोग्रॅमचं खातं) येतं, एकच टेबल वाचतं आणि जातं. माग काढत गेलो तर ते अकाउंट निघालं नव्या सिस्टिमचं! दरांचं टेबल नव्याकडे आणायचं राहून गेलं होतं, गो-लाइव्हची तारीख डोक्यावर होती, म्हणून कोणीतरी तात्पुरती जोडणी करून दिली होती. ती तात्पुरती जोडणी पुढे कोणाच्याच कागदावर आली नाही. यादीवर विसंबून सर्व्हर बंद केला असता, तर नव्या सिस्टिमची बिलं अडली असती. आणि दोष कोणाला दिला गेला असता, हे सांगायला नको.

म्हणून मी यादीपेक्षा लॉगवर विश्वास ठेवते. नेटवर्कवरून कुठून कुठे काय जातंय, कोणती शेड्यूल्ड कामं चालतात, कोणत्या फोल्डरमध्ये फायली येऊन पडतात, कोणाच्या कोडमध्ये या सर्व्हरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) थेट लिहून ठेवलाय, हे सगळं पाहावं लागतं. शिवाय एका महिन्याचे लॉग पुरत नाहीत. काही कामं तिमाहीला चालतात, काही वर्षअखेरीला एकदाच. लॉग तीसच दिवस ठेवायची सवय असलेल्या संस्थेत त्या कामांचा मागमूस लागत नाही. वर्षअखेर पार केल्याशिवाय मी कुठल्याही हिशेबाच्या सिस्टिमवर ‘वापर नाही’ असं लिहीत नाही, वरून कितीही घाई असली तरी.

‘स्क्रीम टेस्ट’ ही आमच्याकडची लाडकी पद्धत. सर्व्हर नेटवर्कपासून तोडायचा आणि कोण ओरडतं ते बघायचं. पद्धत उपयोगी आहे, पण ती सगळ्यात शेवटी, सगळं शोधून झाल्यावर वापरायची. आधी सिस्टिम फक्त वाचता येईल अशी करायची, मग नेटवर्क तोडायचं आणि काहीही पुसायचं नाही, म्हणजे कोणी ओरडलंच तर काही मिनिटांत परत जोडता येतं. शोधाशोध टाळून थेट ही टेस्ट करणाऱ्यांचं मला कधीच पटलेलं नाही. ज्याचं काम वर्षातून एकदाच असतं, तो ओरडेल तेव्हा सर्व्हर भंगारात गेलेला असेल.

लॉगमध्ये न दिसणारी गोष्ट डेटाचा अर्थ. टेबल काढून ठेवणं सोपं आहे. पण खात्याची स्थिती ‘4’ म्हणजे काय, हे टेबलात नसतं. ते कोबोल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या कुठल्यातरी प्रोग्रॅममध्ये असतं, नाहीतर माणसांच्या डोक्यात. डेटा बाहेर काढताना मी लेखा विभागातल्या एका ज्येष्ठ बाईंच्या शेजारी बसले होते. पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत शेवटी कुठेकुठे दोन फुल्या दिसत होत्या. टीममधल्या एका मुलाने त्या कचरा म्हणून साफ करायच्या यादीत टाकल्या होत्या. बाई म्हणाल्या, “अहो मॅडम, त्या फुल्या काढू नका. फुल्या असतील त्याला वसुलीची नोटीस पाठवायची नसते, त्याचं प्रकरण कोर्टात असतं. तशी खूण करायला जागाच दिली नव्हती, म्हणून आम्ही इथे करायचो.” कुठल्याही डॉक्युमेंटमध्ये हे नव्हतं. बाईंच्या निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते. तेव्हापासून मी माणसांसाठी वेगळे दिवस मागून घेते. बैठक घेऊन हे कळत नाही. त्यांच्या स्क्रीनसमोर, त्यांचं रोजचं काम चालू असताना, शेजारी बसावं लागतं.

यावर कोणी म्हणेल, एवढी उस्तवार करण्यापेक्षा राहू दे चालू, कोणाचं काय बिघडतंय? बिघडतं. नाइट कॅपिटल ही अमेरिकेतली शेअरबाजारात मोठे व्यवहार करणारी कंपनी. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पॉवर पेग’ नावाचा एक भाग 2003पासून वापरात नव्हता, पण कोडमधून काढलेला नव्हता. 2012मध्ये नव्या कामासाठी कोड लिहिताना त्या जुन्या भागाचाच फ्लॅग, म्हणजे तो भाग चालू-बंद करणारी खूण, पुन्हा वापरला गेला. आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहिला. 1 ऑगस्टला बाजार उघडला आणि त्या सर्व्हरवर पॉवर पेग पुन्हा चालू झाला, ऑर्डरमागून ऑर्डर सोडत राहिला. सुमारे 45 मिनिटांत 44 कोटी डॉलरच्या वर तोटा झाला. पुढच्याच वर्षी कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. त्या सकाळी बाजार उघडण्यापूर्वी सिस्टिमने स्वतःच कर्मचाऱ्यांना 97 ईमेल पाठवले होते आणि त्यांत ‘पॉवर पेग’चं नावही होतं, हे चौकशीत पुढे आलं. ते ईमेल धोक्याची सूचना म्हणून पाठवलेले नव्हते, म्हणून त्यांच्याकडे कोणी बघितलं नाही. मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ त्या एका फ्लॅगचाच विचार करत होते. नऊ वर्षांत तो भाग काढून टाकायला कितीदा तरी वेळ मिळाला असता.

मॅरियटचं प्रकरण वेगळ्या तऱ्हेचं. 2016मध्ये त्यांनी स्टारवुड ही हॉटेलांची कंपनी घेतली. तिचा आरक्षणाचा डेटाबेस पुढेही वापरात राहिला. त्यात 2014पासून घुसखोर बसलेले होते, हे 2018मध्ये उघड झालं. दुसऱ्याची सिस्टिम विकत घेतली की तिच्यातला धोकाही आपल्याकडे येतो, आणि ती जितके दिवस चालू ठेवाल तितके दिवस तो राहतो.

घाईचंही उदाहरण आहेच. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल 2018मध्ये सगळे ग्राहक एकदम नव्या सिस्टिमवर नेले आणि कित्येकांना आठवडेच्या आठवडे आपलं खातं नीट वापरता आलं नाही. 2022मध्ये बँकेला 4 कोटी 86 लाख पौंडांच्या वर दंड झाला. ग्राहकांचे थोडेथोडे गट हलवले असते, तर चूक लहान असतानाच दिसली असती, असं मला वाटतं. आणि जुनी सिस्टिम पुसण्याची घाई तर कधीच करू नये.

शेवटची आवराआवर सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात जास्त वेळा राहून जाणारी. सर्व्हर गेला तरी नेटवर्कवरची ये-जा अडवणाऱ्या फायरवॉलमधले नियम उघडे राहतात, मग तोच आयपी पत्ता दुसऱ्या मशीनला मिळतो आणि कोणी न मागता त्या मशीनला वाट मोकळी होते. डीएनएसमधली, म्हणजे कोणतं नाव कोणत्या पत्त्यावर जातं हे सांगणाऱ्या यादीतली, जुनी नोंद तशीच राहिली, तर तुमच्या नावाखाली भलताच माणूस आपलं पान उघडून बसू शकतो. सर्व्हिस अकाउंट, पासवर्ड, सर्टिफिकेट, लायसन्सचं आपोआप होणारं नूतनीकरण, एकेक करून सगळं मारावं लागतं. बॅकअपच्या टेप ठेवायच्या असतील, तर त्या वाचणारं यंत्र आणि सॉफ्टवेअरही ठेवावं लागतं, म्हणून मी डेटा साध्या फायलींमध्ये काढते आणि त्यासोबत कोडांचे अर्थ लिहून ठेवते. फुल्यांचाही.

त्या संग्रहाचीही मुदत ठरवावी लागते. कायद्याने जितकी वर्षं ठेवायचा तितकी वर्षं ठेवायचा, कोर्टात काही चालू असेल तर ते निकाली निघेपर्यंत, आणि नंतर पुसायचा. पुसण्याची तारीख मी बंद करण्याच्या कागदावरच लिहून घेते. तिच्यासमोर नाव लिहायचं नाही, पद लिहायचं, कारण ती तारीख येईपर्यंत त्या खुर्चीवर दुसरं कोणीतरी बसलेलं असतं.