तापत्या ओट्याचा धूर नेमका कुठे अडत होता

कुलू खोऱ्यात आम्ही दीर्घ मुदतीच्या भाड्याने घेतलेल्या घरात आधीच्या भाडेकरूने स्वतः बांधलेली रॉकेट चूल होती. तिचा धूर सरळ धुराड्यात न जाता भिंतीलगतच्या मातीच्या ओट्यातील पाइपांमधून फिरून बाहेर पडतो, त्यामुळे ओटा तापतो आणि आग विझल्यानंतरही कित्येक तास ऊब देत राहतो. रॉकेट चुलीची तत्त्वे १९८०च्या दशकात अमेरिकेतील लॅरी विनियार्स्की यांनी स्वयंपाकाच्या चुलीसाठी मांडली आणि पुढे आयान्टो एव्हन्स यांनी तिला ओट्याची जोड दिली. फरशीखाली लाकडे जाळून खोली तापवणारा हमाम काश्मिरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, तेव्हा मूळ कल्पना आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही.

आमच्या चुलीची तक्रार अशी की, पेटवल्यावर थोड्याच वेळात सरपण घालायच्या तोंडातून धूर उलटा खोलीत येई. या चुलीत लाकडे उभी लावतात. ती खालच्या टोकाला जळतात, ज्वाळा आडव्या बोगद्यात ओढली जाते आणि तेथून उष्णतारोधक विटांच्या उंच नळीतून घोंघावत वर चढते. नळीवर पालथे घातलेले २०० लिटरचे पिंप तापते आणि वायू पिंपाच्या आतल्या बाजूने खाली उतरून ओट्यात शिरतो. आमच्याकडे घोंघावणे ऐकूच येत नसे आणि ज्वाळा मात्र लाकडांवरून वर, आमच्या दिशेने चढे.

ज्याने त्याने दोष धुराड्याला दिला. धुराडे बुटके होते, हे खरेच. एका परिचितांनी टोकाला पंखा बसवण्याचा सल्ला दिला, तो मी लगेच बाजूला ठेवला. बर्फ पडू लागले की येथे वीज हमखास जाते. जळत्या चुलीचा पंखा मध्यरात्री बंद पडला तर धुरासोबत कार्बन मोनॉक्साइडही खोलीत साचेल आणि त्याला ना रंग, ना वास. त्या वायूची सूचना देणारे बॅटरीवरचे यंत्र मात्र आम्ही आधी विकत आणले आणि मगच दुरुस्तीला हात घातला.

धूर कोठे अडतो हे तर्काने सांगण्यापेक्षा वाट मधोमध तोडून पाहणे बरे, असे मला वाटले. पिंपानंतर ओटा सुरू होतो तेथे साफसफाईसाठी झाकण होते. खोलीची सगळी दारे-खिडक्या सताड उघडून, ते झाकण काढून चूल पेटवली. झाकण उघडल्याने ओटा आणि धुराडे दोन्ही वाटेतून बाद झाले होते; आता चूल नीट ओढू लागली असती तर दोष पुढे, नाही तर मागे. धूर पूर्वीसारखाच तोंडातून आला. म्हणजे धुराड्यावर कितीही खर्च केला असता तरी मुख्य दुखणे तसेच राहिले असते.

चूल पूर्ण थंड झाल्यावर पिंप उतरवले. नळीचे टोक आणि पिंपाचे बूड यांच्यामध्ये दोन इंच जागा होती, तेवढी पुरते. खरी गोम तळाशी निघाली. पिंपातून खाली आलेला वायू जेथे वळून ओट्याच्या पाइपात शिरतो, तेथे पाइपाच्या तोंडासमोरच नळीभोवतीचे मातीचे लिंपण पुढे आलेले होते आणि मध्ये जेमतेम बोट जाईल एवढी फट उरली होती. पाइप सहा इंची, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस इंच. फटीचा हिशेब मात्र परीघ गुणिले अंतर असा होतो : १९ इंच परीघ आणि पाऊण इंच अंतर, म्हणजे १४ चौरस इंचांच्या आसपास. वाट निम्मी झाली होती आणि उरलेल्या वाटेचा खालचा भाग पिठासारख्या मऊ, करड्या राखेने भरलेला होता. या चुलीत धुराच्या वाटेचे क्षेत्रफळ कोठेही कमी होता कामा नये. वळणाच्या जागी तर ते ऐसपैसच हवे, कारण वळताना वेग मोडतो आणि राख तेथेच बसते. लिंपण तासून फट तीन इंचांपर्यंत वाढवली, खाली राखेसाठी खड्डा ठेवला आणि तो उपसण्यासाठी स्वतंत्र झाकण केले. पिंप पुन्हा बसवून सांध्यांभोवती उदबत्ती फिरवली. जेथे तिचा धूर हलला तेथे माती भरली. त्यानंतर चूल प्रथमच घोंघावली.

सकाळचा त्रास मात्र उरला. रात्रभर गार झालेल्या ओट्यात आणि धुराड्यात थंड, जड हवा बसून राहते आणि कोवळ्या आगीला ती ढकलता येत नाही. पिंपातून थेट धुराड्यात जाणारी एक आडवाट काढून तिला झडप बसवली. पेटवताना झडप उघडी ठेवायची, धुराडे हाताला गरम लागले की बंद करून धूर ओट्याकडे वळवायचा. धुराड्याची गोष्ट आता खरोखर निघाली : ते भिंतीतून आडवे निघून वळचणीखालीच संपत होते, म्हणून खोऱ्यातला वारा सरळ आत घुसे. ते छपराच्या आढ्यापेक्षा उंच नेले आणि बाहेरचा भाग दुहेरी पत्र्याचा करून मध्ये रॉकवूल, म्हणजे उष्णता रोखणारी दगडी लोकर, भरली.

सांध्यांतून गळणारे तपकिरी पाणी हे या सगळ्यांत किरकोळ प्रकरण. ओट्यात उष्णता सोडून बाहेर पडणारा धूर इतका निवलेला असतो की त्यातली वाफ पाइपातच पाणी होते. त्यात पावसाळ्यात ओट्याच्या मातीनेही ओल धरलेली होती. लाकूड ओले असेल तर हे पाणी वाढते आणि काजळीही धरते. येथे सफरचंदाच्या छाटणीच्या फांद्या मुबलक मिळतात, पण त्या हिवाळ्यात छाटलेल्या असल्याने त्याच हंगामात जाळण्याजोग्या नसतात. आम्ही त्या मनगटाएवढ्या जाडीच्या निवडून, पडवीत रचून पुढच्या वर्षासाठी ठेवतो.

ओट्याच्या दुसऱ्या वळणावर अजून एक चीर पुन्हापुन्हा उमटते. तेथे माती आणि पाइप वेगवेगळे प्रसरण पावतात, असा माझा अंदाज आहे. उन्हाळ्यात तेवढा भाग उकरून, पाइपाला कागदाचा थर गुंडाळून नव्याने लिंपायचा आहे. तोपर्यंत उदबत्तीची तपासणी चालू आहे.