एका प्रमाणित प्रतीसाठी सात दिवस: अपक्ष उमेदवारीचा माझा अनुभव

2024 च्या विधानसभा निवडणुकीत मी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या मतदारसंघातून अपक्ष लढलो आणि पडलो. अनामत गेली. ते सगळं मी पचवलं. पण मतदार यादीच्या प्रमाणित प्रतीसाठी पुण्यातल्या एका कार्यालयात मी जे हेलपाटे घातले, ते आठवले की अजून डोकं तापतं. नोकरीसाठी गाव सोडलेल्या आणि गावातून उभं राहायचं मनात असलेल्या प्रत्येकापर्यंत हे पोचावं म्हणून लिहितोय.

मी चाकणच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत प्लँट हेड आहे. नोकरीतली बावीस वर्षं झाली. ठेकेदारामार्फत आमच्याकडे भरतीला येणाऱ्या मुलांत आमच्या तालुक्याची मुलं दरवर्षी असतात. आयटीआयचं सर्टिफिकेट हातात, आणि बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर दिला तर रीडिंग घेता येत नाही. एका मुलाने तर व्हर्निअर उलटा धरला आणि माझ्याकडे पाहत राहिला. त्याला आयटीआयमध्ये ज्यावर शिकवायचं ते मशीनच तीन वर्षं बंद होतं. त्या दिवशी ठरवलं की हे विधानसभेत बोलायचं. कंपनीची लेखी परवानगी घेतली, बिनपगारी रजा टाकली. 15 ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली तेव्हा माझी तयारी पूर्ण आहे असं मी समजत होतो.

वेळापत्रक असं होतं: 22 ऑक्टोबरपासून अर्ज, 29 ला शेवटचा दिवस, 30 ला छाननी, 4 नोव्हेंबरपर्यंत माघार, 20 ला मतदान, 23 ला निकाल. अर्ज सकाळी अकरा ते दुपारी तीन एवढ्याच वेळात घेतात. आठवडा हातात आहे असं वाटतं. पण 26 ला चौथा शनिवार, 27 ला रविवार, 28 ला वसुबारस आणि 29 ला धनत्रयोदशी. घरच्यांनी मुहूर्त काढला होता 24 चा, गुरुपुष्यामृताचा.

माझं मतदार यादीतलं नाव पुण्याच्या पत्त्यावर आहे. राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाचा मतदार विधानसभेला दुसरीकडून उभा राहू शकतो, त्यात काही अडचण नाही. फक्त आपल्या मतदारसंघाच्या यादीतल्या आपल्या नोंदीची प्रमाणित प्रत द्यावी लागते. एका ओळीची नोंद, एक सही, एक शिक्का.

22 तारखेला तालुक्याला जाऊन कोरे अर्ज आणले. मदत कक्षातल्या लिपिकाने कागदांची यादी दिली आणि "ही प्रत असल्याशिवाय येऊ नका" असं बजावलं. 23 ला सकाळी दहाला पुण्यातल्या कार्यालयात हजर झालो. अर्ज कुठे द्यायचा, तर पहिल्या मजल्यावर. पहिल्या मजल्यावर म्हणाले, यादीचं काम तळमजल्यावर. तळमजल्यावरचा ऑपरेटर मतदान यंत्रांच्या प्रशिक्षणाला गेलेला. "साहेब, उद्या या." उद्या म्हणजे गुरुपुष्यामृत. मी विनंती केली, मुहूर्ताचं सांगितलं, दोन तास बाकावर बसलो. काही उपयोग झाला नाही.

24 ला दुपारी साडेचारला प्रत मिळाली. मुहूर्त तर गेलाच होता, पण कागद हातात आला म्हणून मला इतका आनंद झाला की मी तिथल्या शिपायाचेही आभार मानले. घाईत प्रत नीट पाहिली नाही, ही माझी चूक. गोल शिक्का होता, सही होती. सही करणाऱ्याचं नाव आणि पदनाम कुठेच नव्हतं.

25 ला तालुक्याच्या मदत कक्षात लिपिकाने कागद उजेडात धरला आणि परत केला. "पदनामाचा शिक्का नाही. आणि हे बघा, तुमच्या अर्जात यादी भाग वेगळा आणि या प्रतीत वेगळा. आधी प्रत दुरुस्त करून आणा." अर्जातला भाग क्रमांक, म्हणजे मतदान केंद्रांनुसार पाडलेल्या यादीच्या भागांतला माझा क्रमांक, मी लोकसभेच्या वेळच्या, 13 मे च्या मतदानाच्या चिठ्ठीवरून उतरवला होता. मधल्या काळात यादी नव्याने झाली होती आणि माझा भाग क्रमांक, अनुक्रमांक दोन्ही बदलले होते. म्हणजे प्रतीतला आकडा बरोबर होता आणि चुकला होता माझ्या अर्जातला. तो तिथेच पेनाने सुधारता आला असता. पण ते मलाही तेव्हा कळलं नाही आणि सांगणाऱ्यानेही सांगितलं नाही. मी गाडी वळवली. दिवाळीच्या गर्दीत खंबाटकी घाटात दीड तास गेला. पुण्यात पोचलो तेव्हा सही करणारे अधिकारी बैठकीला गेलेले. शनिवार, रविवार सुट्टी.

ते दोन दिवस मी प्रचार करायला हवा होता. मी घरी बसून उमेदवारांसाठीची पुस्तिका वाचली. तिथे मला ते सापडलं आणि मी पुस्तिका मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1951, कलम 33(5): ही प्रत अर्जासोबत दिली नसेल तर छाननीच्या वेळी सादर करता येते. म्हणजे 30 तारखेला! त्याच्या वरचंच पोटकलम 33(4): नावातली किंवा यादीच्या क्रमांकातली कारकुनी चूक निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने दुरुस्त करू द्यायची किंवा तिच्याकडे दुर्लक्ष करायचं. मी 23 लाच अर्ज भरू शकलो असतो. गुरुपुष्यामृतालाही भरू शकलो असतो. एकाही टेबलावर एकाही माणसाने हे एक वाक्य सांगितलं नाही.

कारखान्यात लाइन थांबली की आम्ही पहिल्या तासात विचारतो, हा भाग आत्ताच लागणार आहे का, की नंतर जोडला तरी चालेल. तो प्रश्न मी स्वतःच्या अर्जाबद्दल विचारला नाही, याचा मला त्या कार्यालयाइतकाच स्वतःचा राग आला. म्हणून पहिला सल्ला हा: पुस्तिका आधी वाचा, मग रांगेत उभे राहा. आणि तरीही प्रत निवडणूक जाहीर होण्याआधीच काढून ठेवा, कारण छाननीला ती नसेल तर अर्ज बाद होतो. तिथे कुणी ऐकत नाही.

28 ला मी कार्यालय उघडण्याआधी दारात होतो. मधुमेहाची गोळी घेऊन, डबा घेऊन. पावणेअकराला अर्ज आत गेला. "सही होईल, बसा." एक वाजता जेवायची सुट्टी. तीनला सांगितलं की शिक्का दुसऱ्या साहेबांच्या कपाटात आहे. चारला ते साहेब आले, पण किल्ली ज्यांच्याकडे ते आले नव्हते. माझ्या शेजारी एक ताई मुलाच्या नावदुरुस्तीसाठी सकाळपासून बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतून वसुबारसेसाठी घेतलेल्या गवारीच्या शेंगा काढल्या आणि तिथेच निवडायला घेतल्या, घरी जाऊन वेळ मिळणार नाही म्हणून. पाच चाळीसला शिक्का उमटला. मी या वेळी जागेवर उभा राहून वाचलं: नाव, पदनाम, तारीख, मतदारसंघाचा क्रमांक, यादी भाग, अनुक्रमांक. सगळं होतं. त्या ताईंना मात्र उद्या बोलावलं.

29 ला पहाटे चारला निघालो.

सूचकांबद्दल, म्हणजे अर्जावर सही करून उमेदवाराचं नाव सुचवणाऱ्यांबद्दल. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. एकाची सही किंवा क्रमांक वादात आला तर अर्जच धोक्यात. अर्ज चारपर्यंत देता येतात, म्हणून मी वेगळ्या दहा सूचकांचा दुसरा अर्जही भरला. तुम्हीही भरा, अनामत एकदाच भरावी लागते. सूचकांत माझी थोरली चुलती होती, आम्ही तिला आक्का म्हणतो. ती अंगठा लावते. अंगठा घरी लावून आणलेला चालत नाही, अधिकाऱ्यांसमोरच लावावा लागतो. त्यामुळे बहात्तर वर्षांची आक्का नवं लुगडं नेसून माझ्यासोबत तहसीलला आली. अधिकाऱ्यांनी तिला खुर्ची दिली. शाईच्या पॅडवर अंगठा टेकवताना तिने विचारलं, "पोराच्या नावावरच लागतोय ना ह्यो?" त्या खोलीत मला पहिल्यांदा वाटलं की आपण खरंच निवडणूक लढवतोय.

आत उमेदवार धरून पाचच जण जाऊ शकतात, हे गावकऱ्यांना आधी सांगून ठेवा. नाहीतर रुसवे होतात.

अडीच वाजता माझा नंबर आला. शपथपत्र, म्हणजे नमुना 26, यात मला काहीच अडचण आली नाही. माझी, बायकोची पाच वर्षांची विवरणपत्रं, शेअर्स, पीएफ, गृहकर्ज, बायकोचे दागिने ग्रॅममध्ये, सगळं आमच्या सीएने आधीच मांडलं होतं. एकही रकाना कोरा सोडायचा नाही, जिथे काही नाही तिथे "निरंक" किंवा "लागू नाही" लिहायचं. प्रत्येक पानावर सही. ऑक्टोबरच्या मध्यातच शंभरचा स्टॅम्प जाऊन पाचशेचा आला होता, तेवढा खर्च वाढला. अनामत दहा हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला पाच हजार.

शपथ घ्यायला विसरू नका. अर्ज दिल्यानंतर आणि छाननीच्या तारखेच्या आधी ती घ्यावी लागते. शेवटच्या दिवशी अर्ज भरणाऱ्याला त्याच दिवशी. माझ्या पुढचा एक उमेदवार तशीच पावती घेऊन निघाला होता, त्याला मी जिन्यातून परत बोलावलं.

छाननीला माझी ती प्रत अधिकाऱ्यांनी पाहिली, अर्जातला भाग क्रमांक पडताळला आणि फाइल पुढे सरकवली. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. "अर्ज वैध" हे शब्द ऐकले आणि मी बाहेर येऊन आक्काला फोन केला.

प्रचाराचं थोडक्यात सांगतो. चिन्हं मिळाली 4 तारखेला, प्रचार संपला 18 ला संध्याकाळी. चौदा दिवसांत लोकांच्या डोळ्यांपुढे चिन्ह बसवायचं. चिन्हाचं वजन किती, हे आमच्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी सातारा लोकसभेला, शरद पवार गटाच्या तुतारी वाजवणारा माणूस या चिन्हासारखं वाटणाऱ्या पिपाणी चिन्हाच्या अपक्षाला 37 हजारांवर मतं पडली आणि उदयनराजे भोसले साधारण 32 हजारांनी निवडून आले. त्यामुळे मी तीन पसंत्या देताना कुठल्याही पक्षाच्या चिन्हासारखं दिसणारं चिन्ह मागितलं नाही. मला कुणाच्या चुकून पडलेल्या मतांवर उभं राहायचं नव्हतं.

बँकेचं मध्येच आठवलं. निवडणुकीसाठी वेगळं खातं अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं हवं. ते मी 22 लाच करून घेतलं होतं म्हणून निभावलं.

खर्चाच्या बाबतीत मात्र मी अभिमानाने सांगेन. विधानसभेला मर्यादा 40 लाखांची, माझा खर्च सहा लाख ऐंशी हजार. नोंदवहीत पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. एका व्यक्तीला किंवा दुकानाला पूर्ण निवडणुकीत दहा हजारांवर रोख द्यायची नाही. मंडपवाले, फ्लेक्सवाले रोखच मागतात, तिथे ठाम राहावं लागतं. मी रोज रात्री, कितीही उशीर झाला तरी, वही लिहून झोपलो. निवडणूक यंत्रणेने वहीच्या केलेल्या तिन्ही तपासण्यांत एकही शेरा नाही. निकालापासून 30 दिवसांत हिशेब द्यायचाच असतो, हरलात तरी. नाही दिला तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. हरलेली माणसं इथेच ढिली पडतात.

निकालात मला 2,114 मतं मिळाली. अनामत वाचवायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. आमच्याकडे ती संख्या 35 हजारांच्या वर जात होती. मतमोजणीच्या दिवशी वाईट वाटलं, खूप वाटलं. नंतर नमुना 20 मिळाला, त्यात केंद्रनिहाय मतं असतात. मी तो रात्रभर वाचला. माझ्या गावात 388. ज्या सात गावांत मी दोनदा गेलो तिथे प्रत्येक ठिकाणी पन्नासच्या वर. जिथे एकदाच गेलो तिथे पाच, सात, नऊ. आणि तब्बल चाळीस केंद्रं अशी, जिथे मी पोचलोच नाही. 25 ते 28 या चार दिवसांत त्यातली निम्मी झाली असती. निकाल त्याने बदलला नसता, हे मला कळतं. पण ती गावं माझी राहून गेली.

18 डिसेंबरला हिशेब दिला, पोच घेतली, आणि 19 ला कामावर रुजू झालो. आयटीआयच्या त्या बंद मशीनबद्दलचा पत्रव्यवहार चालूच ठेवला आहे.

प्रमाणित प्रतीसाठी मी शेवटी जो अर्ज दिला त्याचा मजकूर खाली देतो. पहिल्या दिवशी मी नुसतं "यादीची प्रत मिळावी" असं लिहिलं होतं. हा दिला तेव्हा निदान कागद कुठल्या टेबलाचा यावर वाद झाला नाही.

"मी आपल्या विधानसभा मतदारसंघाच्या चालू मतदार यादीत यादी भाग क्र. ___, अनुक्रमांक ___ वर नोंदलेला मतदार आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1951 च्या कलम 33(5) प्रमाणे नामनिर्देशनपत्रासोबत सादर करण्यासाठी सदर नोंदीची प्रमाणित प्रत, सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव, पदनामाचा शिक्का व दिनांकासह मिळावी."

दोन प्रती काढा, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.