फाटका स्पीकर

लाइव्ह अल्बम या प्रकाराबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. जुनीच गाणी, जरा लांबवलेली; मध्ये ड्रमवाल्याचा न संपणारा पराक्रम; आणि मागे वीस हजार लोकांचा एकच एकसुरी घोष. इतकी माणसं असून त्यात माणूस एकही ऐकू येत नाही. मला तर लाइव्ह अल्बममध्ये माणसंच ऐकायची असतात. वाजवणारी हवीतच, पण हातात ग्लास घेऊन पुढ्यात बसलेली, मध्येच आरोळी ठोकणारीही हवीत.

म्हणून ‘बिवेअर ऑफ द डॉग’ माझ्याकडे वरचेवर लागतो. शिकागोचा ब्लूज गायक-गिटारवादक हाउंड डॉग टेलर आणि त्याचा बँड, हाउसरॉकर्स. (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत.) १९७४ सालच्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग. वाजवणारे तिघेच: टेलर गिटारवर, ब्रूअर फिलिप्स दुसऱ्या गिटारवर, टेड हार्वी ड्रमवर. खर्जातले सूर धरणारी बेस गिटार नाही, पियानो नाही, माउथ ऑर्गन नाही.

आपल्याकडे शिकागो ब्लूज म्हटलं की गिटारवादक बडी गाय आठवतो. २०११ साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला तेव्हा तोच आला होता. टेलरचं नाव काढलं तर लोक ‘हा कोण?’ म्हणतात. त्यांचंही काही चुकत नाही. हा गृहस्थ मिसिसिपीत १९१५ साली जन्मला, १९४२ मध्ये शिकागोला आला, दिवसा कारखान्यात टीव्हीची कॅबिनेटं बनवत राहिला आणि रात्री साउथ साइड या कृष्णवर्णीय वस्तीतल्या गुत्त्यांत वाजवत राहिला. नोकरी सोडून पूर्णवेळ वाजवायला लागला तेव्हा चाळिशी उलटली होती. गिटारवादक फ्रेडी किंगची एक धून १९६१ साली अमेरिकाभर गाजली, तिचा मूळ धागा टेलरच्या वाजवण्यातला. नाव आणि पैसा अर्थातच दुसरीकडे गेला. ब्लूजच्या इतिहासात असल्या गोष्टी इतक्या आहेत की त्यावर हळहळण्याचाही कंटाळा येतो.

जन्मतः त्याच्या दोन्ही हातांना सहा-सहा बोटं. एका रात्री नशेत त्याने उजव्या हाताचं सहावं बोट वस्तऱ्याने कापून टाकलं. डावीकडचं राहिलं, आणि फोटोंत ते मुद्दाम दाखवल्यासारखं दिसतं.

पहिली एलपी निघाली १९७१ साली, टेलरने पंचावन्नी गाठल्यावर. तीही ब्रूस इग्लौअर नावाच्या विशीतल्या पोरामुळे. हा डेलमार्क या रेकॉर्ड कंपनीत पार्सलं बांधायच्या कामाला होता. मालकाने टेलरला घ्यायला नकार दिला, तेव्हा याने वारशात मिळालेले अडीच हजार डॉलर काढले, दोन संध्याकाळींत रेकॉर्डिंग उरकलं आणि हजार प्रती छापल्या. त्या एका रेकॉर्डपायी ॲलिगेटर ही कंपनी जन्माला आली. पुढे ती ब्लूजमधलं मोठं नाव झाली. पोराचा कान पक्का होता, एवढंच म्हणतो.

आता वाद्यांचं. टेलरची गिटार जपानी टाइस्को, तेव्हा अमेरिकेत अगदी स्वस्तात मिळणारी. दर्दी वादक तिला हात लावायचे नाहीत. ॲम्प्लिफायर सीअर्सच्या दुकानातला सिल्व्हरटोन, त्याचे स्पीकर फाटलेले. आणि तारांवरून घासायची जी स्लाइड असते, ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीच्या पायाचा तुकडा कापून केलेली, आतून पितळेचा पत्रा लावलेली. चांगली वाद्यं परवडायला लागल्यावरही तो याच सामानावर वाजवत राहिला, कारण त्याला हवा असलेला आवाज त्यातूनच निघायचा. तार छेडली की सूर आधी खरखरतो, मग दात विचकतो, आणि स्लाइड वर सरकली की किंचाळतो.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा जिन्यात थांबवून विचारलं, “अरे, तुझा स्पीकर फाटलाय का? ह्यांच्या ओळखीचा एक रिपेअरवाला आहे, नंबर देऊ?” मी म्हटलं, “काकू, माझा ठीक आहे. शिकागोला एकाचा फाटलाय.” त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी इथे लिहीत नाही.

पण खरी गंमत आहे ती बेस नसण्यात. ब्लूजचा साचा साधा असतो. बारा बार (म्हणजे तालाची आवर्तनं), तीन कॉर्ड (म्हणजे एकत्र छेडलेले सूर), संपलं की पुन्हा पहिल्यापासून. रस्ता सगळ्यांना पाठ. मोठ्या बँडमध्ये बेसवाला खालची जमीन धरून ठेवतो आणि वरचे निवांत बागडतात. इथे जमीन धरायला वेगळा माणूसच नाही. टेलर गायला लागला, स्लाइड फिरवायला लागला की फिलिप्स आपल्या जुन्या फेंडर टेलिकास्टर गिटारच्या जाड तारांवर बेसची चाल चालवतो. मग टेलर हसत बाजूला होतो, फिलिप्स उसळी मारून पातळ तारांवर जातो, आणि त्या क्षणी खालून जमीन निघून जाते. उरतो फक्त हार्वीचा ठेका आणि टेलरने रेटलेले कॉर्ड. बँड पडेल असं वाटतं. तो पडत नाही, उलट लय अंगावर येते. सहा जण असते तर एखाद्याने हात आखडता घेतला तरी खपलं असतं. तिघांत तशी सोय नाही.

संथ गाणी आली की वेगळाच प्रकार. टेलरचा आवाज काही गोड नाही, मोठाही नाही. पण ओळ संपते तिथून स्लाइड ती उचलते आणि शब्दांत राहून गेलेलं सगळं ओकून टाकते. त्याच फाटक्या स्पीकरमधून. सुरांचा हिशेब ठेवणाऱ्यांनी या जागी दुसरीकडे बघावं, कारण सूर इकडेतिकडे सरकतात. त्याची टेलरलाही कल्पना होती. आपण मेल्यावर लोक म्हणतील, याला वाजवता येत नव्हतं पण ऐकायला मजा यायची, असं तो स्वतःच सांगायचा. (मूळ वाक्य जरा जास्त रांगडं आहे.)

हे तिघे नेहमी वाजवायचे ते साउथ साइडच्या फ्लोरेन्सेस लाउंज या बारमध्ये. तिथे यांची बैठक रविवारी दुपारची. आपल्याकडे जेवून पंख्याखाली लवंडायची जी वेळ, त्या वेळेला हे तिघे चिंचोळ्या खोलीत तासन् तास वाजवायचे आणि आठवडाभर कारखान्यांत राबलेली माणसं मिळेल त्या फटीत नाचायची. अल्बम तिथला नाही. तो एका विद्यापीठातल्या आणि क्लीव्हलँड शहरातल्या एका बारमधल्या कार्यक्रमांचा आहे, म्हणजे श्रोते बदललेले, तरुण, बरेचसे गोरे. पण वाजवणाऱ्यांनी जागा बदलल्याचं मनावर घेतलेलं दिसत नाही. गाण्यांच्या मध्ये टेलर बडबडतो, स्वतःच्याच बोलण्यावर खिदळतो आणि चला, मजा करू या म्हणून पुढचं सुरू करतो. या जागा मी कधीच पुढे ढकलत नाही.

आणि भांडणं! टेलर आणि फिलिप्स १९५९च्या सुमारापासून एकत्र, आणि गाडीत, मुक्कामात, कुठेही वादाला तयार. १९७५ साली टेलरच्या घरी असंच काहीतरी जुंपलं आणि टेलरने रायफल काढून फिलिप्सवर गोळ्या झाडल्या. फिलिप्स जखमी झाला, वाचला. टेलरवर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला, पण खटला उभा राहायच्या आत तो फुप्फुसाच्या कॅन्सरने हॉस्पिटलात पोचला. फिलिप्स तिथे भेटायला गेला, आणि त्याने टेलरला माफ केलं. १७ डिसेंबर १९७५ रोजी टेलर गेला. अल्बम आला १९७६ मध्ये.

मला ही हकिकत कळली तेव्हा अल्बम पाठ झालेला होता. कुठे कुरबूर ऐकू येते का म्हणून मी तो हेडफोन लावून पुन्हा ऐकला. कुरबूर सोडाच, दोन्ही गिटारी एकमेकींत अशा शिरलेल्या आहेत की काही ठिकाणी कुठली टेलरची आणि कुठली फिलिप्सची, हे मला अजूनही सांगता येत नाही.