पडले तिबिलिसीत, प्लास्टर ठाण्यात

हे सगळं डाव्या अंगठ्याने टाईप करतेय, काना-मात्रा इकडेतिकडे झाल्या तर चालवून घ्या.

झालं असं की डिसेंबरमध्ये मेडिकल कॉलेजला जाताना जुन्या तिबिलिसीतल्या (जॉर्जियाची राजधानी, मी तिथे शिकते) दगडी उतारावर पाऊस पडून गेलेला, माझे शूज आपल्या ठाण्यातल्या गोखले रोडवरचे, दिसायला मस्त पण खाली ग्रिप शून्य, आणि मी उजवा हात पुढे टाकून धप्पकन आडवी. आधी काय केलं तर कोणी बघितलं का ते बघितलं. एक आजी पाव घेऊन चाललेल्या (पावाला तिकडे 'पुरी' म्हणतात, पहिल्या आठवड्यात ते ऐकून मी किती खूश झालेले आणि मग काय ताटात आलं ते बघून किती हिरमुसले!), त्यांनी जॉर्जियनमध्ये बरंच काही सुनावलं आणि दंडाला धरून उठवलं.

एक्सरेत काही दिसलं नाही. मुरगळलंय, पट्टी बांधा, दहा दिवसांनी दुखत असेल तर परत या. मी गेले नाही. व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा होती, मग बॅग भरायची होती, आणि खरं सांगायचं तर मुरगळलंय हेच मला ऐकायचं होतं.

आता लाज वाटण्यासारखा भाग. पडायच्या थोडेच दिवस आधी अ‍ॅनाटॉमीत मनगटाची आठ हाडं शिकून झालेली. अंगठा ताणून वर केला की त्याच्या बुडाशी एक खळगा पडतो ना, त्याला स्नफबॉक्स म्हणतात, म्हणजे तपकिरीची डबी, पूर्वी लोक तिथे चिमूटभर तपकीर ठेवून ओढायचे म्हणून. हात टेकून पडलेल्या माणसाला त्या खळग्यात दाबल्यावर दुखलं तर स्कॅफॉईड (त्या आठांतलं अंगठ्याच्या बाजूचं हाड) मोडलंय असं धरूनच चालायचं, एक्सरे साफ असला तरी, कारण पहिल्या एक्सरेत ती चीर बऱ्याचदा दिसतच नाही. हे मी व्हायवात घडाघडा म्हटलं, सुजलेलं मनगट मांडीवर ठेवून. स्वतःच्या खळग्यात एकदा बोट दाबून बघावं हे डोक्यातही आलं नाही!

सुट्टीला नौपाड्यात घरी आले, पहिल्याच सकाळी चहाचा कप डाव्या हाताने उचलला आणि आजीने पकडलं. दुपारी हाडांच्या डॉक्टरांकडे. त्यांनी फार विचारपूस न करता अंगठा धरला, बरोब्बर तिथेच दाबलं, मी किंचाळले. "काय शिकतेस?" म्हटलं मेडिकल, पहिलं वर्ष. "मग सांग बघू कुठलं हाड?"

नव्या एक्सरेत केसाएवढी रेघ होती. एवढ्याशा हाडाचं एवढं कौतुक का, तर त्याला रक्त उलटं मिळतं, बोटांकडच्या टोकाने शिरून मनगटाकडे मागे येतं. आमच्या बिल्डिंगमध्ये गच्चीवरच्या टाकीतून पाणी खाली येतं, मधेच पाईप फुटला की तळमजला कोरडा, तसंच. मनगटाकडचा तुकडा उपाशी राहिला तर मरूही शकतो. म्हणून कोपराच्या खालपासून अंगठ्यासकट प्लास्टर, किमान सहा आठवडे, कधीकधी बारासुद्धा लागतात म्हणे.

बाबांना हाडापेक्षा हजेरीची काळजी. एनएमसीच्या (आपल्याकडचा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) 2021 च्या नियमांप्रमाणे परदेशातला कोर्स किमान 54 महिन्यांचा हवा, वर 12 महिने इंटर्नशिप तिथेच, आणि परत आल्यावर इथे आणखी 12. बाबा कॅल्क्युलेटर घेऊनच बसलेले. एक सेमिस्टर बुडालं तर काय, हे त्यांनी मला तीन वेळा विचारलं, आईला किती वेळा ते माहीत नाही. शेवटी कॉलेजला मेल केला, उत्तर आलं की प्लास्टरसकट ये, लेखी परीक्षेला मदतनीस देऊ, बीपी मोजायचं प्रॅक्टिकल मात्र स्वतःच करायचं.

मग काय, घरात प्रॅक्टिस. कफचं वेल्क्रो डाव्या हाताने ओढायचं, एक टोक दातात धरायचं (परीक्षेत हे चालणार नाही, माहितीये), बाहेर राहिलेल्या चार बोटांनी स्टेथो दाबून ठेवायचा आणि डाव्याने फुगा पंप करायचा. हवा सोडताना त्याच हाताने स्क्रू हळू फिरवायचा, तिथे गडबड होते, काटा सर्रकन खाली येतो आणि ठोका ऐकायचाच राहतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या चार काकूंना सोफ्यावर बसवून बीपी मोजलं, दोघींचं आलं, दोघींचं नाही. बदल्यात डिंकाचे लाडू खा, कांडवेल उगाळून लाव (प्लास्टरवरून?) आणि कोपिनेश्वराला नारळ बोल, असं सगळं मिळालं.

पण खरा प्रश्न जेवणाचा. डाव्या हाताने जेवलेलं आजीला चालत नाही, चमच्यानेसुद्धा नाही, त्यामुळे विसाव्या वर्षी मी महिनाभर आजीच्या हातून वरणभात खातेय, आणि ती प्रत्येक घास कावळ्याचा चिमणीचा म्हणत नाही एवढंच नशीब.

परवा रात्रीची फ्लाईट. भाजणी, मेतकूट, लाडू, सगळं बॅगेत आईने कोंबलंय. आजी काल कधी नव्हे ते खाली मान घालून म्हणाली, "तिकडे जेव गं डाव्या हाताने, इथून मला काय दिसतंय."